देश सुटला, खुर्ची तीच

मंडळी, आज जरा लांबची गोष्ट. तुर्कमेनिस्तान. महासागराकडे वाट नाही, बहुतेक जमीन काराकुमचं वाळवंट, आणि त्याखाली अफाट गॅस.

२७ ऑक्टोबर १९९१ ला हा देश सोव्हिएत संघातून सुटला. पण सत्तेवर कोण? सापरमुरात नियाझोव, म्हणजे १९८५ पासून तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचेच प्रमुख. पक्षाची पाटी बदलली, माणूस तोच. १९९२ च्या निवडणुकीत एकटेच उमेदवार. १९९९ ला संसदेने त्यांना तहहयात राष्ट्राध्यक्ष केलं. २००२ ला तर जानेवारीला स्वतःची पदवी आणि एप्रिलला आईचं नाव!

लोक गप्प का बसले? एक तर धाक. दुसरं, गॅस, वीज, पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट. आणि विचारणारं स्वतंत्र वर्तमानपत्रच उरलं नव्हतं. २००६ ला नियाझोव वारले, २०१९ ला फुकटचंही बंद झालं. तेव्हा जाब विचारायचा कुठे?

वीस वर्षं बातमीदारी करतोय. नळाला पाणी नाही आलं की तुम्ही रात्री फोन करून "छापा हो हे" म्हणता. वैताग येतो, खरं सांगतो. पण तो फोन बंद पडू देऊ नका.