ॲम्ब्युलन्स की टॅक्सी? ९११, बेघर माणसं आणि रात्रभर उघडं असलेलं एकच दार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लेखी. बोलताना जिथे फारच ‘तर’ आणि ‘म्हणजे’ झालं होतं तिथे कात्री लावलीय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आज आपण अमेरिकेत जाणार आहोत. तिथलं कुठलंही मोठं शहर घ्या. जानेवारीतली रात्र, दोन वाजलेत. ९११ वर फोन येतो, ‘पाय दुखतोय, ॲम्ब्युलन्स पाठवा.’ गाडी पोहोचते तेव्हा तो माणूस पिशवी खांद्याला अडकवून फुटपाथच्या कडेला उभाच असतो. स्ट्रेचर काढायची वेळच येत नाही, तो स्वतः चालत गाडीत चढतो. गाडीवरचे दोघं त्याला नावाने ओळखतात, कारण गेल्या आठवड्यातही त्यांनीच त्याला नेलेलं असतं. कोणत्या हॉस्पिटलात जायचं हेही तोच सांगतो.

ॲम्ब्युलन्सवर काम केलेल्या लोकांच्या आठवणी वाचताना मला हा प्रसंग इतक्या वेळा भेटला की शेवटी मी मोजणं सोडून दिलं. अशा पेशंटला ते लोक आपसात ‘फ्रिक्वेंट फ्लायर’ म्हणतात. सारखं विमानाने फिरणाऱ्या माणसासाठी वापरतात तो शब्द. त्यात थोडी चेष्टा आहे, थोडा वैताग आहे आणि कधी कधी चक्क माया पण आहे.

आता सरळ प्रश्न. घर नसलेला हा माणूस ॲम्ब्युलन्सची टॅक्सी करतोय का? ‘हो’ म्हणणं सोपं आहे. पण गेल्या साठ वर्षांचा इतिहास बघितला की कळतं, ॲम्ब्युलन्सला टॅक्सी त्याने केलं नाही. ती आधीपासूनच टॅक्सी होती. कशी, ते बघू.

शववाहिनी, पोलिसांची व्हॅन आणि पिट्सबर्गची पोरं

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत ॲम्ब्युलन्स म्हणजे अंत्यविधी करणाऱ्या कंपनीची शववाहिनी असायची. कारण अगदी साधं होतं. माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. उपचार वगैरे काही नाही, उचलायचं आणि पोहोचवायचं.

पिट्सबर्ग शहरात हे काम पोलीस करायचे. मागे पेशंट स्ट्रेचरवर, पोलीस पुढे, आणि पेशंटजवळ बसायला बऱ्याचदा कुणीच नाही. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर पोलिसांना फोन करायचा की नाही, इथूनच विचार सुरू व्हायचा.

१९६६ च्या नोव्हेंबरमध्ये याच शहरात माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भाषण करताना कोसळले. पोलिसांच्या गाडीने हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता आणि ते वाचले नाहीत. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते पीटर साफार. तोंडाने श्वास द्यायची पद्धत आणि सीपीआर आज आपण शाळेत शिकतो ना, ते घडवणाऱ्यांतलं हे मोठं नाव. त्याच वर्षी त्यांची स्वतःची मुलगी दम्याने गेली होती. ॲम्ब्युलन्समध्ये नुसता ड्रायव्हर असून चालणार नाही, शिकलेली माणसं हवीत, हे त्यांनी मनावर घेतलं.

पण माणसं आणायची कुठून? हिल डिस्ट्रिक्टमध्ये ‘फ्रीडम हाऊस’ नावाची एक संस्था होती. ती वस्तीतल्या लोकांना काम मिळवून द्यायची, गरिबांकडे भाजीपाला पोहोचवायला गाड्या चालवायची. १९६७ मध्ये तिथूनच तरुण निवडले गेले. बहुतेकांना नोकरी नव्हती, काहींची शाळाही अर्धवट राहिलेली. सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण घेऊन ते अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिक्सपैकी झाले. पुढे नॅन्सी कॅरोलाइन या डॉक्टर त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या, आणि देशभर पॅरामेडिक्स ज्यावरून शिकले ते पाठ्यपुस्तकही त्यांनीच लिहिलं.

१९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडलं. जुन्या लोकांपैकी बहुतेकजण हळूहळू बाहेर फेकले गेले. मला यातली एक गोष्ट सारखी आठवते. ही पोरं ज्या गल्लीत राहायची तिथेच गाडी घेऊन जायची. दारात उभा असलेला माणूस कोण, कुठे झोपतो, त्याला नेमकं काय हवंय, हे त्यांना वेगळं विचारावं लागत नव्हतं.

पैसे फेरीचे, उपचाराचे नाहीत

त्याच काळात आणखी दोन गोष्टी झाल्या. एक, १९६८ मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावातून ९११ चा पहिला फोन लागला. आज तिकडे नियम असा की रिचार्ज संपलेल्या मोबाईलवरूनही ९११ लागलाच पाहिजे. म्हणजे ज्याच्याकडे घर नाही, पैसे नाहीत, त्याच्याकडेही हा एक नंबर आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. १९६५ मध्ये म्हाताऱ्या लोकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली. तिच्यात ॲम्ब्युलन्स आली ती वाहतूक म्हणून. पेशंटला हॉस्पिटलसारख्या ठरलेल्या ठिकाणी नेलं तर पैसे. जागेवर मलमपट्टी केली, समजूत घातली, निवाऱ्यात सोडलं, तर शून्य. खासगी विमा कंपन्यांनीही मोठ्या प्रमाणात हाच रस्ता धरला. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ पासून धावणारी १०८ ची गाडी पेशंटकडून पैसे घेत नाही, त्यामुळे हा हिशोब आपल्याला पटकन लक्षात येत नाही. तिकडे एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या वरही जातं, आणि ते बनतं गाडी हॉस्पिटलात पोहोचल्यावर. म्हणजे टॅक्सीचं मीटर पहिल्या दिवसापासून बसवलेलं होतं!

मग १९८६ चा कायदा, एमटाला. त्याआधी काही हॉस्पिटलं खिशात पैसे नसलेल्या पेशंटला परस्पर सरकारी हॉस्पिटलाकडे पिटाळायची. कायद्याने सांगितलं, इमर्जन्सी विभागात जो येईल त्याला तपासायचं आणि जिवावरचं असेल तर आधी स्थिर करायचं. पैशाचं नंतर. कायदा चांगलाच होता, त्याने कितीतरी जीव वाचवले असतील. पण त्याचा परिणाम बघा. ज्याला हाकलायची परवानगी नाही असं रात्रभर उघडं असलेलं एक दार शहरात तयार झालं.

आणि बाकीची दारं? ती बंद होत होती. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. नवी औषधं आली, तिथल्या वाईट अवस्थेविरुद्ध लोक बोलायला लागले आणि माणसं बाहेर सोडली जाऊ लागली. १९६३ मध्ये केनेडींनी वस्तीवस्तीत मानसोपचार केंद्रं उभारायचा कायदा केला, पण ठरलेल्या केंद्रांपैकी बरीचशी कधी उभीच राहिली नाहीत. शहरांतली एका खोलीची स्वस्त लॉजं पाडून तिथे ऑफिसं आणि महागडी घरं आली. १९८० च्या दशकात फुटपाथवर झोपणारी माणसं एकदम सगळ्यांना ‘दिसायला’ लागली, ती अशी.

गरिबांच्या मेडिकेड योजनेत डॉक्टरकडे जायला साध्या गाडीची सोय आहे, हे खरं. पण ती सहसा आधी बुक करावी लागते, डॉक्टरची वेळ ठरलेली लागते, कुठून उचलायचं ते सांगावं लागतं. रात्री दोन वाजता, उणे तापमानात, पाय सुजलेल्या माणसाला ती काय कामाची?

गाडीवरच्या दोघांचं काय?

आता क्रूची बाजू, कारण तीही खरी आहे. बहुतेक ठिकाणी नियम असा की पेशंट म्हणाला ‘हॉस्पिटलात न्या’, तर न्यायचं. त्यांच्यात एक म्हणच आहे, तुम्ही बोलवा, आम्ही नेतो, विषय संपला. फुटपाथवर उभं राहून ‘याला काही झालेलं नाही’ असं छातीठोक कोण सांगणार? उद्या काही झालं तर कोर्टात कोण जाणार? म्हणून नेतात. हॉस्पिटलात बेड मिळेपर्यंत अडकतात. तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडे कुणाचं हृदय बंद पडलं, तर गाडी लांबून येते. हे रोज बघणारा माणूस चिडणारच.

पण ही चिडचिड एका जागी थांबत नाही. ती नजरेत उतरते. त्याचं काय होतं, ते वॉशिंग्टनमध्ये दिसलं.

६ जानेवारी २००६ ची रात्र. एक माणूस फुटपाथवर पडलेला सापडतो. तोंडाला दारूचा वास, उलटी झालेली, खिशात पाकीट नाही, नाव सांगता येत नाही. आलेल्या लोकांनी ठरवलं, प्यायलाय. मग सगळंच निवांत झालं. ॲम्ब्युलन्स वाट चुकली. जवळचं हॉस्पिटल सोडून लांबच्या ठिकाणी गेली. तिथेही ‘दारुड्या’ म्हणूनच त्याची नोंद झाली आणि तो तासाहून जास्त वेळ तसाच पडून राहिला. नंतर कळलं की डोक्यात जबर मार आहे.

तो माणूस होता डेव्हिड रोझेनबाम, न्यूयॉर्क टाइम्सचे नुकतेच निवृत्त झालेले पत्रकार. जेवणानंतर घराजवळ फिरायला निघाले होते. चोरट्यांनी डोक्यात पाइप घालून पाकीट नेलं होतं. दोन दिवसांनी ते गेले. खिशात पाकीट नव्हतं, म्हणून आयुष्यातले शेवटचे काही तास ते ‘तसल्या’ लोकांपैकी एक झाले.

सरकारी चौकशीत जवळजवळ प्रत्येक पायरीवरच्या चुका बाहेर आल्या. कुटुंबाने शहरावर दावा लावला आणि मग एका अटीवर पैसे सोडून दिले. अट होती, ही सेवा सुधारा. त्यातून जे घडलं त्यात २००८ मध्ये सुरू झालेला ‘स्ट्रीट कॉल्स’ हा उपक्रमही होता. सारखे ९११ ला फोन करणाऱ्यांकडे पॅरामेडिक्स स्वतःहून जाऊ लागले, फोन यायच्या आधी. एका पत्रकाराच्या मृत्यूमुळे शहर फुटपाथवरच्या माणसाकडे वळलं. पाकीट नसलेला तो माणूस खरंच बेघर निघाला असता, तर चौकशी इतकी खोल गेली असती का? मला नाही वाटत.

‘कुठे सोडू?’ विचारणारी माणसं

हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारणारे लोकही होते, आणि ते आधीपासून होते.

बॉस्टनमध्ये १९८५ साली जिम ओकॉनेल नावाचा तरुण डॉक्टर बेघरांसाठी काम करायला आला. एक वर्ष करू आणि मग कॅन्सरच्या पुढच्या शिक्षणाला जाऊ, असा बेत. निवाऱ्यातल्या दवाखान्यात बार्बरा मॅकिनिस या नर्सने त्याला सांगितलं, स्टेथोस्कोप बाजूला ठेव आणि लोकांचे पाय धू. मोठ्या हॉस्पिटलातून शिकून आलेला हा डॉक्टर रोज टबात पाणी घेऊन लोकांच्या पायाशी बसायला लागला. हळूहळू लोक बोलायला लागले. दिवसभर चाललेले, ओल्या बुटात कुजलेले, थंडीने काळे पडलेले पाय. सुरुवातीला तो फोन आठवतोय ना, ‘पाय दुखतोय’? नव्वद टक्के लोक त्याला बहाणा म्हणतील. पण रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा पाय हा बहाणा नसतो. ओकॉनेल ते एक वर्ष संपवून कधी गेलेच नाहीत. रात्री व्हॅन निघते, सूप आणि ब्लँकेट घेऊन. आणि हॉस्पिटलात ठेवण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर राहण्याइतका बराही नाही, अशा माणसासाठी त्यांनी बेड उभे केले. त्या जागेला आज बार्बरा मॅकिनिस यांचंच नाव आहे.

ओरेगॉनमधल्या यूजीन शहरात १९८९ मध्ये ‘काहूट्स’ सुरू झालं. एक व्हॅन, तिच्यात एक मेडिक आणि एक समुपदेशक, शस्त्र नाही. निवाऱ्यात सोडायचं असेल तर निवाऱ्यात, दवाखान्यात असेल तर दवाखान्यात. म्हणजे ज्याला आपण ‘फुकटची राइड’ म्हणतो, ते त्यांचं अधिकृत काम होतं. तीस वर्षांहून जास्त चाललं, देशभर कौतुक झालं. एप्रिल २०२५ मध्ये पैसे कमी पडले आणि यूजीनमधली सेवा थांबली.

वॉशिंग्टनने २०१८ मध्ये ९११ च्या केंद्रात नर्स बसवल्या. जिवावरचं नसेल तर नर्स बोलते, क्लिनिकची वेळ मिळवून देते, जायला साधी गाडी लावून देते. मेडिकेअरनेही २०२१ मध्ये प्रयोग केला. हॉस्पिटलाऐवजी दुसरीकडे नेलं किंवा जागेवरच उपचार केले, तरी पैसे. प्रयोग पाच वर्षांचा होता, पण फार कमी सेवा पुढे आल्या आणि २०२३ च्या शेवटी तो गुंडाळला गेला. जुनं मीटर अजून चालूच आहे.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. जिथे जिथे काही बदललं, तिथे गाडीला जायला दुसरी जागा होती. बेड, क्लिनिक, निवारा, निदान पाय धुवायला गरम पाण्याचा टब. ती जागा नसेल, तर क्रूला कितीही समजूतदारपणा शिकवा आणि पेशंटला कितीही दरडावा, गाडी शेवटी इमर्जन्सीच्या दारातच लागणार.

तुमच्यापैकी कुणी १०८ वर काम करत असेल, किंवा घरातलं कुणी करत असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. आपल्याकडे रात्रीचे असे फोन येतात का, आणि आले तर तुम्ही त्या माणसाला कुठे सोडता, हे मला ऐकायचंय. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!