तरुण तारकागुच्छ आणि पुण्याची 20 इंची दुर्बीण

तरुण तारकागुच्छातले तारे एकाच मेघातून, जवळपास एकाच काळात जन्मलेले असतात आणि पृथ्वीपासून साधारण सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे त्यांतला एखादा तारा फुगत-आकसत कमीजास्त तेजस्वी होऊ लागला, की त्याचे वय आणि अंतर गुच्छावरूनच कळते. स्पंदनाच्या कालावधीवरून त्याच्या पोटातल्या रचनेचा अंदाज बांधता येतो.

असा एक गुच्छ मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात आहे. येवल्याहून फेब्रुवारीच्या मध्यास, रात्री साडेआठच्या सुमारास, हा मेघ दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 65 अंश वर येतो. पुण्याहून त्याचा वर्णपट 19व्या शतकातच तपासला गेला होता. कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांना भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी 5,000 रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची 20 इंची परावर्ती दुर्बीण पुढे अनेक दशके देशात सर्वांत मोठी होती. मृगमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे नायगमवालांचे गुरू, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांचे म्हणणे होते. ही रेषा पट्ट्याच्या अवशेषासारखी पसरट नसून बारीक आणि रेखीव असल्याचे नायगमवालांनी 1891 मध्ये दाखवले. गुरूच्याच मताविरुद्ध हा निष्कर्ष होता, हे विशेष.

1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. एकाच माणसाच्या जोरावर चालणाऱ्या संस्थेचे असेच होते. रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या कामाला तर हे मुळीच मानवत नाही. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करत एकाच ताऱ्याची तेजस्विता रात्रीमागून रात्र मोजावी लागते. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने असे वेध 1920 च्या दशकात चिकाटीने घेतले.

तरुण गुच्छांतला शोध त्यानंतरचा. मिशेल ब्रेगर यांना 1972 मध्ये एनजीसी 2264 या गुच्छात, अजून पूर्ण न घडलेले दोन स्पंदनशील तारे सापडले. त्यांची आवर्तने काही तासांचीच असतात. एका ठिकाणच्या दुर्बिणीला पहाट झाली की वेध थांबवावा लागतो, आणि मधल्या खंडामुळे खोटी आवर्तने दिसू लागतात. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची जुन्नरजवळच्या गिरवलीची 2 मीटरची दुर्बीण 2006 पासून आहे. तिलाही ही अडचण चुकलेली नाही. अवकाशात मात्र पहाटेचा अडथळा नसतो: 2008 मध्ये कोरो या अवकाश दुर्बिणीने एनजीसी 2264 कडे सलग तीन आठवड्यांहून अधिक काळ पाहिले.