शिळेवरचा उपहास

लोकशाहीत पुढाऱ्यांना हसण्याचा हक्क सर्वांनाच असतो, असे आपण मानतो. तो हक्क कायद्याइतकाच, बजावणाऱ्याच्या पोटापाण्यावरही अवलंबून असतो, हे मात्र विसरतो. अमेरिकन चित्रकार विल्यम ग्रॉपर याच्या कहाणीकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधतो, ते याचसाठी.

ग्रॉपर १८९७ साली न्यूयॉर्कमधील गरीब ज्यू वस्तीत जन्मला. १९११ मध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगारांचा बळी गेला. त्यांत त्याच्या नात्यातली एक स्त्री होती. पुढे त्याची पेन्सिल राबणाऱ्यांच्याच बाजूने चालली. १९३५ साली 'व्हॅनिटी फेअर' मासिकात त्याने जपानच्या सम्राटाची थट्टा केली, तेव्हा जपान सरकारने रीतसर निषेध नोंदवला. त्याच दशकात अमेरिकन सरकारने मात्र वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी इमारतीसाठी त्याच्याकडून धरणबांधणीचे भव्य भित्तिचित्र काढून घेतले.

त्याची डावी मते लपलेली नव्हती. डाव्या नियतकालिकांत त्याची व्यंगचित्रे राजरोस येत. परंतु त्याच्यावर संकट ओढवले ते एका निरुपद्रवी चित्रामुळे! १९४६ साली त्याने अमेरिकन लोककथांचा नकाशा काढला होता. पॉल बनियन हा अवाढव्य लाकूडतोड्या आणि असेच दंतकथांतले वीर त्यावर वावरत होते. हा नकाशा परदेशांतील अमेरिकन सरकारी ग्रंथालयांत पोहोचला, आणि १९५३ साली सिनेटर मॅकार्थीच्या समितीने त्याच्या कर्त्याला बोलावणे धाडले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा जो हक्क अमेरिकन घटनेच्या पाचव्या दुरुस्तीने दिला आहे, त्याचा ग्रॉपरने आश्रय घेतला. तुरुंग टळला, पण नाव काळ्या यादीत गेले. ना खटला, ना शिक्षा. कामे तेवढी येईनाशी झाली.

मग त्याने शिळा जवळ केली. शिळाछापाची रीत आपल्या जुन्या पोथ्यांमुळे आपल्याला अपरिचित नाही. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावे, दगड ओला करावा, वर शाई फिरवावी. ओला भाग शाई झिडकारतो, तेलकट रेघ ती धरते. एका दगडावरून अनेक प्रती निघतात. भित्तिचित्राला भिंतीचा मालक लागतो, व्यंगचित्राला संपादक लागतो. छापचित्राला तितकी कोणाची मनधरणी लागत नाही. भीतीच्या काळात हा गुण मोलाचा ठरतो.

पुढच्या काही वर्षांत ग्रॉपरने पन्नास शिळाचित्रे केली आणि त्या मालिकेला 'कॅप्रिचिओज' असे नाव दिले. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९ सालच्या ऐंशी चित्रांच्या संचाला हे उघड वंदन होते. गोयानेही आपल्या काळातील ढोंग आणि अंधश्रद्धा यांवर कोरडे ओढले होते, आणि तो संच त्याला लवकरच विक्रीतून काढून घ्यावा लागला होता. दीडशे वर्षांनंतरच्या शिष्याने गुरू अचूक निवडला, असेच आम्ही म्हणू.

डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थीची निर्भर्त्सना केली. १९५७ साली तो वारला. ग्रॉपर त्यानंतर वीस वर्षे जगला. त्याची सारी मते आपल्याला पटावीत असे नाही. परंतु ज्या समाजात न पटणाऱ्या माणसाची भाकरी गुपचूप काढून घेता येते, तिथे पटणारी माणसेही हळूहळू हसायचे सोडून देतात. ग्रॉपरने ते सोडले नाही, म्हणूनच आज त्याची आठवण करायची.