तळटीप १४ : स्त्री राखीव प्रभाग, अर्ज अंजलीचा

१४. वीर गावच्या पारावर तृतीयपंथी किंवा समलिंगी उमेदवाराविषयी लेखकाला विचारलेला ‘असल्या माणसाला गाव मत देईल काय?’ हा प्रश्न बिनबुडाचा नाही, पण शिळा झाला आहे. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ मध्येच ज्ञानदेव ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केले.

जळगावजवळच्या भादली बुद्रुकचा किस्सा जास्त बोलका. अंजली पाटील (कोर्टाच्या कागदावर अंजली गुरू संजना जान) यांनी स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून छाननीत तो बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य ठरवला. आधार सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘नालसा’ निकालाचा, ज्याने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. अट एकच, पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणवून घ्यायचे नाही. (पक्ष बदलणाऱ्यांना अशी अट कोणी घालत नाही.) अंजली निवडून आल्या.

समलिंगी उमेदवाराचा अर्ज असा अडत नाही, कारण त्यात लैंगिक कलाचा रकानाच नसतो. अडचण येते ती प्रचारातल्या कुजबुजीची.

निवडणुकीत अशी वाट निघाली, शाळांकडे मात्र आनंदच. तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी एनसीईआरटीने शिक्षकांसाठी काढलेली पुस्तिका नोव्हेंबर २०२१ मध्ये, बालहक्क आयोगाच्या आक्षेपानंतर, संकेतस्थळावरून उतरवली गेली. — संपा.