उत्पन्नाचा झरा आणि बचतीचे भांडे : १८६५ चे मुंबईतील शेअर संकट व ग्रामीण डॉक्टरांची गुंतवणूक

प्रस्तावना

डॉक्टरांचे शिक्षण दीर्घ असते व त्यांची कमाई इतरांपेक्षा उशिरा सुरू होते. खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरास निवृत्तिवेतन नसते. हात चालतो तोवरच प्राप्ती असते. त्यामुळे बचत व गुंतवणूक हा त्याच्या दृष्टीने उदरनिर्वाहाच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. मुंबईच्या १८६५ मधील शेअर संकटात डॉ. भाऊ दाजी लाड यांना आलेला अनुभव तपासून, परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या गावात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरास त्यातून कोणता बोध घेता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डॉ. भाऊ दाजी व शेअरचा ज्वर

मूळचे गोव्यातील पेडणे परिसरातील असलेले भाऊ दाजी हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे १८५१ मधील पहिल्या तुकडीचे पदवीधर होत. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयातून बाहेर पडताच त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांवर मोफत उपचार केले. कुष्ठरोगावर कडूकवठीच्या तेलाचा प्रयोग, प्राचीन शिलालेखांचे वाचन आणि बॉम्बे असोसिएशनचे राजकीय कार्य यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. अशा विद्वान व सावध बुद्धीच्या पुरुषासही १८६५ चे संकट चुकविता आले नाही, ही बाब विचारणीय आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. भारतीय कापसाचे भाव भडकले व मुंबईत अमाप पैसा आला. या पैशातून नवनव्या बँका, वित्तसंस्था व समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर सुमारे पन्नास हजारांपर्यंत चढला. शेअरची दर्शनी रक्कम एकदम भरावी लागत नसे; थोडा हिस्सा भरून शेअर मिळे व उरलेली रक्कम कंपनी मागेल तेव्हा द्यावयाची असे. बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात. त्याखेरीज वायद्याचे सौदे मोठ्या प्रमाणावर होत.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची पूर्तता करण्याची वेळ येताच बाजार ढासळला. सरकारचा सहभाग असलेल्या बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला आणि १८६८ मध्ये ती बँक बुडाली. या लाटेत अनेक प्रतिष्ठित नागरिकांप्रमाणे भाऊ दाजींचेही मोठे आर्थिक नुकसान झाले.

या नुकसानीचे कारण केवळ लोभात शोधणे अपुरे ठरेल. मुंबईतील डॉक्टरास चांगले शुल्क देणारी सधन कुटुंबे त्या काळी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कापसाच्या व्यापारावर पोसली जात होती, आणि ज्या कंपन्यांचे शेअर तो घेई त्यांचे भांडवलही त्याच कापसातून आलेले होते. उत्पन्न आणि गुंतवणूक दोन्ही एकाच झऱ्यावर अवलंबून होती. झरा आटताच दोन्ही भांडी एकदम रिकामी झाली. भाऊ दाजींचे कौशल्य मात्र कोणत्याही बाजारभावाने हिरावून घेतले नाही. १८६९ व १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. तथापि १८७४ मध्ये जेमतेम पन्नाशीत त्यांचे निधन झाले. भारतीयांच्या आयुर्विम्यासाठी बॉम्बे म्युच्युअल ही संस्था १८७० मध्ये, तर पोस्टाची बचत बँक १८८२ मध्ये आली. भाऊ दाजींच्या भरभराटीच्या काळात यांपैकी कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता.

पिंगळीचा संदर्भ

पिंगळी हे परभणी तालुक्यातील, पूर्णा–परभणी लोहमार्गावरील गाव. गोदावरी खोऱ्यातील हा मार्ग १९०० च्या सुमारास झाला व मराठवाड्याचा कापूस मोठ्या बाजारपेठांशी जोडला गेला. तेव्हा हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. येथील ७ हाली रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे ६ रुपये होत. नाणेच वेगळे असल्याने येथील कमावत्या माणसाचा ओढा जमीन व सोन्याकडे असणे स्वाभाविक होते. १९४८ नंतर हा प्रदेश भारतात आला, १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि बचतीच्या नव्या वाटा खुल्या झाल्या.

आजही अशा गावातील डॉक्टरची प्राप्ती पिकाशी बांधलेली असते. कापूस, सोयाबीन वा तूर घरात आली की रुग्णाची उधारी फिटते. पाऊस हुकला की वही वाढत जाते. असा डॉक्टर बचत करतो तेव्हा तो बहुधा त्याच परिसरातील शेतजमीन वा भूखंड घेतो, ओळखीच्या पतसंस्थेत ठेव ठेवतो किंवा आडत्यास रक्कम वापरावयास देतो. १९७२ सारखा दुष्काळ पडल्यास रुग्ण पैसे देऊ शकत नाही, जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही आणि पतसंस्थेचे कर्जदारही थकतात. १८६५ च्या मुंबईतील परिस्थिती येथे लहान प्रमाणात पुन्हा उभी राहते.

केवळ संस्थेच्या मोठेपणावर विसंबणेही पुरेसे नाही. बँक ऑफ बॉम्बेप्रमाणेच, सुरक्षित मानल्या गेलेल्या युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेची पुनर्खरेदी जुलै २००१ मध्ये थांबविण्यात आली होती. बँक ठेवींवरील विमासंरक्षण २०२० मध्ये प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. परंतु पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण लाभत नाही. डॉक्टरांनी ठेव ठेवण्यापूर्वी हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

१. डॉक्टरने आपले उत्पन्न कोणत्या झऱ्यावर अवलंबून आहे हे प्रथम ओळखावे व बचतीचा मोठा भाग त्या झऱ्याबाहेर ठेवावा. शेतीप्रधान भागात सरकारी बचत योजना, भविष्य निर्वाह निधी व देशभर विखुरलेले म्युच्युअल फंड हे त्याचे मार्ग होत.

२. कर्ज काढून वा भविष्यात रक्कम भरण्याची जबाबदारी पत्करून गुंतवणूक करू नये. १८६५ मध्ये भाव पडल्यापेक्षा देणे उरल्यामुळे अधिक घरे बुडाली.

३. डॉक्टरचे खरे भांडवल त्याचे कौशल्य व आरोग्य होय. त्यामुळे आयुर्विमा व अपंगत्वाचा विमा यांना गुंतवणुकीच्या आधीचे स्थान द्यावे.

४. वैद्यकीय अभ्यासक्रमात अर्थसाक्षरतेचा अंतर्भाव व्हावा. शरीराच्या व्याधीचे निदान करणारी बुद्धी पैशाच्या व्याधीचे निदान आपोआप करीत नाही, हे भाऊ दाजींसारख्या थोर पुरुषाच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे.