जुन्या पिकअपला नवा हौदा बसवताना

बुलडाणा : घाटाखालच्या मलकापूर-खामगाव पट्ट्यात काय किंवा घाटावरच्या चिखली-मेहकरकडे काय, वडिलोपार्जित जुनी पिकअप गोठ्याशेजारी उभी असलेली घरे अजूनही सापडतात. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अलीकडे वाढते आहे. इंजिन जाणता मिस्त्री बोलते करतोच. खरी परीक्षा असते ती मागच्या हौद्याची. माल, माती आणि पावसाचे पाणी यांनी सर्वांत आधी तोच खाल्लेला असतो.

महिंद्र कंपनीने चाळीसच्या दशकाअखेर मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे जीपच्याच घराण्यातील मालवाहू गाड्याही देशात बनू लागल्या. मात्र त्या काळी मालवाहू गाडीचे चेसिस विकत घ्यायचे आणि हौदा गावातल्या सुताराकडून वा बॉडी बांधणाऱ्याकडून करून घ्यायचा, हा सर्रास रिवाज होता. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांचे हौदे सारखे असतीलच असे नाही. अमेरिकेत याउलट स्थिती आहे. १९४८ च्या फोर्ड एफ-१ सारख्या गाडीचे बाजूचे पत्रे, फाळका, तळाच्या फळ्या, फळ्यांमधील पोलादी पट्ट्या, इतकेच काय बोल्टची पुडीसुद्धा नव्याने बनवलेली मिळते. शेवरोलेच्या काही पिकअपना तर १९८७ पर्यंत लाकडी तळ येत असे. आपल्याकडे पत्रा वाकवून तसाच भाग घडवून घेणे हाच बहुधा मार्ग उरतो.

म्हणूनच पहिला नियम असा, की नवा हौदा पक्का बसेपर्यंत जुना भंगारात देऊ नये. तो कितीही गंजलेला असला तरी छिद्रांमधील अंतर, आडपट्ट्यांची जागा, चेसिस आणि हौदा यांमधील लाकडी वा रबरी ठोकळ्यांची उंची ही सारी माहिती त्याच्याच अंगावर असते. उतरवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक बोल्टखालच्या वॉशरची जाडी लिहून ठेवावी. भंगारवाला दारात उभा असतो तेव्हा हे सुचत नाही, हा भाग वेगळा.

त्यानंतर चेसिस तपासावे. ते तिरके झाले असेल तर त्यावर कोणताही हौदा सरळ बसणार नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. ते सारखे भरले पाहिजेत. नव्या पत्र्यांचा मोठा दोष असा, की त्यांची छिद्रे जुन्या छिद्रांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि पत्राही अनेकदा पातळ असतो. अशा वेळी चेसिसला नवे छिद्र पाडण्याचा मोह होतो. तो टाळावा. नव्या भागाचे छिद्र कानशीने लांबट करून घ्यावे. चेसिसला हात लावू नये.

रंग देण्याआधी संपूर्ण हौदा एकदा कोरडाच जुळवून पाहणे अत्यावश्यक आहे. सर्व बोल्ट सैल ठेवून पुढचा पत्रा, दोन्ही बाजू आणि फाळका उभा करावा. फाळक्याच्या दोन्ही बाजूंची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. ती वर रुंद आणि खाली अरुंद दिसली, तर दोष बिजागरीत शोधण्यापूर्वी हौद्याचा पीळ पाहावा. एखाद्या ठोकळ्याखाली पातळ पाचर दिली की काम भागते. फाळका नीट मिटू लागल्यावरच बोल्ट आवळावेत. तयार भागांवर पुष्कळदा काळा लेप असतो. तो वाहतुकीत गंज येऊ नये म्हणून दिलेला असतो, त्याला अंतिम रंग समजू नये.

लाकडाची गोष्ट जिल्ह्याच्या हवामानाशी जोडलेली आहे. घाटाखाली मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि फळी सुकून आकसते. आषाढात तीच फळी पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून बसवल्या, तर पावसाळ्यात त्या पोलादी पट्ट्या उचलतात. म्हणून दोन फळ्यांत दोन ते तीन मिलिमीटर फट सोडावी. ती पट्टीखाली झाकली जाते. बाभूळ चिवट खरी, बैलगाडीला ती शोभतेही. पण रुंद, सपाट तळासाठी मुरलेला सागच बरा, कारण तो कमी वाकतो. तेल किंवा रंग फळीच्या सहाही बाजूंना द्यावा. कापलेली टोके हमखास विसरली जातात आणि कुजण्याची सुरुवात तेथूनच होते.

कागदपत्रांकडेही लक्ष हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. त्यासाठी २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत ठरवण्यात आली. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. शिवाय अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे वा दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक मालवाहतूक करता येत नाही. तेव्हा पिकअपमधून पुन्हा बाजाराला माल न्यायचा आहे की ती केवळ जपायची आहे, हे फळ्या कापण्यापूर्वीच ठरवावे. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा वर्ग काय लिहिला आहे, तेही एमएच-२८ च्या परिवहन कार्यालयात आधी दाखवून घ्यावे.