मोडकांची जंत्री आणि एक चुकलेली तारीख

परवा ऑफिसात एका पोरावर बालंट येता येता राहिलं. १२ तारखेला रात्री त्यानं बॅकअप घेतलाच नाही असं सगळे म्हणत होते, कारण १२ तारखेच्या लॉग फाइलीत तशी नोंद नव्हती. नोंद होती, पण १३ तारखेच्या फाइलीत! आमच्याकडे लॉगरोटेट हा प्रोग्रॅम पहाटे चारला जुनी फाइल बाजूला ठेवतो आणि तिच्या नावाला त्या दिवसाची तारीख चिकटवतो. आतला मजकूर मात्र बहुतेक आदल्या दिवसाचा. सेटिंगमध्ये 'डेटयेस्टरडे' एवढा शब्द घातला आणि प्रश्न मिटला.

घरी आलो आणि मोडक आठवले. बाळाजी प्रभाकर मोडक, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले विज्ञानाचे प्राध्यापक. त्यांची जंत्री १८८९ साली निघाली. १७२८ ते १८८९ या काळातल्या इंग्रजी, हिंदू आणि मुसलमानी तारखा त्यात शेजारी शेजारी मांडल्या आहेत.

हा खटाटोप कशासाठी? पानिपतचंच बघा ना. शक १६८२, पौष शुद्ध ८. शकात ७८ मिळवले की इसवी सन, असं आपण शाळेत शिकलो. म्हणजे १७६०? पण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला! शक चैत्रात बदलतो, इंग्रजी साल जानेवारीत. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. दफ्तरातला सुहूर सन तर मृगाला बदलतो. तिथे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६००. पानिपतचा सुहूर सन ११६१, म्हणजे बरोबर १७६१.

दिवसाचीही तीच तऱ्हा. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला आणि मुसलमानी चंद्र सूर्यास्ताला. रात्री नऊला लिहिलेल्या पत्रावरचा चंद्र एकानं पुढे असणारच. आमची पहाटे चारची फाइल काय वेगळं करत होती?

त्यातून पुष्कळ पत्रांवर वर्षच नसतं. (जुन्या सिसलॉगच्या ओळीतही महिना, दिवस, वेळ असते, वर्ष नाही!) मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तरातली पत्रं छापली, तेव्हा असल्या कागदांना साल लावणं हे मोठंच काम होतं. पत्रावर तिथी आणि चंद्र दोन्ही असतील तर जंत्री मदतीला येते. अधिक मास आला की मराठी आणि मुसलमानी महिन्यांची जोडी सरकते, त्यामुळे अमुक जोडी दोन-तीन वर्षंच टिकते. बाकीचं मजकुरावरून ठरवायचं. एक वर्ष चुकलं तर उत्तर आधी आणि पत्र नंतर, असा घोटाळा व्हायचा. मग कुणी मदत मागितली होती आणि कुणी कानाडोळा केला, हा दोषही भलत्याच्या माथी जायचा.

आमचं पोरगं निदान समोर उभं राहून भांडलं तरी. दफ्तरातल्या माणसांना ती सोय नाही.

असो. काका, हे वाचत असाल तर एक विचारायचंय. आपल्या पेटीतल्या मोडी कागदांवर तुम्ही पेन्सिलीनं इसवी सन लिहिलेत, ते सगळीकडे ७८ मिळवून का? दिवाळीला आलो की पौष ते फाल्गुनाचे कागद परत एकदा बघूया.